देवी झोपली होती, मग दर्शन धरायचं का?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त एसटी कंडक्टरची उत्तरं

माझी सगळी नोकरी एसटीत गेली, त्यातही पुष्कळशी यात्रांच्या जादा गाड्यांवर. देवळात पुजाऱ्याला जे विचारायची भीड वाटते, ते माणसं परतीच्या गाडीत कंडक्टरला विचारतात. तिकिटं फाडून झाली की मागून हाक यायचीच, "काका, एक विचारू का?" आता तेच प्रश्न पत्रातून येतात. या महिन्याच्या बहुतेक पत्रांत काळजी एकच आहे: देवाच्या दारी आमचं काही चुकलं तर नाही ना? म्हणून तीच पत्रं घेतली आहेत.

काका, भाद्रपदात आम्ही चौघी जावा तुळजापूरला गेलो. आत पोचलो तर देवी सिंहासनावर नाही, शेजघरात पलंगावर झोपलेली. थोरल्या जाऊबाई म्हणतात, झोपलेल्या देवीचं दर्शन धरत नाहीत, पुन्हा यावं लागेल. धाकटी म्हणते, पुन्हा यायचं राहू द्या, आपण तिची झोपमोड केली त्याचं काय? दोघी अजून बोलत नाहीत. – एक वाचिका, लातूर

दोघींना आधी बोलतं करा, कारण चूक कुणाचीच नाही.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. बहुतेक मोठ्या देवळांत मूर्ती जागेवर पक्की बसवलेली असते, तुळजापूरची सिंहासनावरून उचलून नेता येते. वर्षातून तीन वेळा देवी अशी शेजघरात जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत असते ती घोरनिद्रा. महिषासुराशी नऊ दिवस लढायचं आहे, त्याआधीची ही विश्रांती. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की लढाईचा थकवा घालवायला श्रमनिद्रा, ती अश्विनी पौर्णिमेपर्यंत. तिसरी मोहनिद्रा, पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून पालखी येते, पलंगही नगरच्याच वाटेनं येतो. ती पालखी आणि तो पलंग वाटेतल्या गावांतून जाताना जी गर्दी होते, ती मी गाडी बाजूला लावून पाहिली आहे. बाया पलंगाच्या खुराला हात लावून डोळे पुसतात. पलंग रिकामा असतो तरी!

आता तुमचा प्रश्न. निद्राकाळात दर्शन बंद नसतं. देवीला झोपलेली पाहायला लोक शेजघरापाशी येतातच, आणि तेही दर्शनच. दुपारी आजीचा डोळा लागलेला असताना नातवंडं उंबऱ्यातून डोकावून जातात, त्यात आजीची झोपही मोडत नाही आणि नातवंडांची भेटही वाया जात नाही. देवीला विश्रांती हवी असं ज्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ठरवलं, त्यांना ती किती घरची वाटली असेल! ते दर्शन तुम्हाला न ठरवता मिळालं.

पुन्हा जायचं असेल तर जरूर जा, पण राहिलेलं फेडायला म्हणून जाऊ नका, हौस म्हणून जा. थोरल्या आणि धाकट्या जाऊबाईंना शेजारच्या सीटवर बसवा.

अष्टविनायकाला निघालो. मुलानं फोनच्या नकाशात "महाड" टाकलं आणि आम्ही मुंबई-गोवा रस्त्यावरच्या महाडला जाऊन पोचलो! वरदविनायक विचारला तर लोक हसायला लागले. त्या दिवशी पुढचं सगळं बिघडलं, क्रमही मोडला. यात्रा पहिल्यापासून करायची का? – एक वाचक, सोलापूर

पहिल्यापासून करायची काही गरज नाही. वरदविनायकाचं गाव महड, खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. तुम्ही पोचलात ते महाड तिथून शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. दोन्ही रायगड जिल्ह्यातच, त्यामुळे ही गफलत जुनी आहे. नकाशात गावाचं नाव टाकण्याऐवजी "वरदविनायक मंदिर" टाका, म्हणजे अडचण येणार नाही.

पण तुम्ही महाडला पोचलात त्याचं दुःख करू नका. तिथं चवदार तळं आहे. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि ज्यांना त्या तळ्यावर जायला बंदी होती त्यांनी त्यांच्या मागोमाग घेतलं. मी तिथं थांबून पायऱ्या उतरलो आहे. पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून जा आणि मुलाला बरोबर न्या.

क्रमाचं म्हणाल तर, परंपरेनं मोरगावला सुरुवात, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवट पुन्हा मोरगावला. नकाशा उघडून पाहा, आठांतली पाच ठिकाणं पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि सिद्धटेक भीमेकाठी नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं). शास्त्रातल्या क्रमानं गेलं तर घाट उतरून कोकणात जायचं, परत वर यायचं आणि पुन्हा जुन्नरच्या बाजूला वळायचं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. बाकीचे सगळे, यात्रा कंपन्यांच्या गाड्यासुद्धा, सोयीनं जातात. आठ गणपतींपैकी एकानंही कधी कुणाला "तू पाचवा यायला हवा होतास" म्हटलेलं नाही.

एकच सांगतो. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि तो गणपती डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांमध्ये आहे. क्रम कुठलाही धरा, पण ते ठिकाण सकाळी घ्या. उन्हाच्या वेळी घरातली मोठी माणसं अर्ध्यावर बसून राहतात आणि मग "तुम्ही या जाऊन, आम्हाला इथूनच पावला" असं म्हणतात. तुम्ही वर जाता, पण मन खालच्या पायरीवर राहतं.

लग्नानंतर जेजुरीला गेलो. यांनी मला उचलून पायऱ्या चढल्या, भंडारा उधळला, सगळं छान झालं. घरी येऊन यांचा पांढरा शर्ट साबणानं धुतला तर पिवळ्याचा लालभडक झाला. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या देवाचं काहीतरी राहिलंय. मीही घाबरले. – नवी सून, सातारा

पोरी, खंडोबाचं काही राहिलेलं नाही, हळदीचा तो गुणच आहे. हळदीला साबण, सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. आपलं कुंकूही पूर्वापार असंच करतात, हळदीला चुना किंवा टाकणखार आणि लिंबू लावून. तेव्हा तुझ्या शर्टाचं कुंकू झालं, यात अशुभ ते काय?

आता कर काय, तर शर्ट स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा काढ, म्हणजे साबण जाईल. लाल डागावर लिंबू पिळलंस तर तुझ्या डोळ्यांसमोर तो पुन्हा पिवळा होईल. हे सासूबाईंना शेजारी बसवून कर, त्यांची भीती तिथल्या तिथे जाईल. मग ओला शर्ट कडक उन्हात वाळत घाल, डागाची बाजू वर करून. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. एका दिवसात नाही गेला तर पुन्हा ओला करून पुन्हा घाल. ब्लीचच्या वाटेला जाऊ नकोस.

एक मात्र ध्यानात ठेव. इतकं करूनही पिवळा रंग जसाच्या तसा राहिला तर तो भंडारा हळदीचा नसावा. रंग घातलेली पावडर भंडारा म्हणून विकली जाते, आणि ती डोळ्यांत गेली, अंगावर घामात भिजली की आग होते. भंडारा घ्यायचा तर आधी चिमूटभर बोटावर घासून वास घ्यायचा, हळदीचा वास लपत नाही. त्याहून बरं म्हणजे घरची हळद डब्यातून न्यायची. उधळताना वर उधळायचा, समोरच्याच्या तोंडावर नाही. आणि सोमवती अमावास्येला गेलात तर डोक्यावर टोपी असू द्या, भंडाऱ्याबरोबर खोबऱ्याचे तुकडेही येतात आणि ते लागतात!

तुझ्या नवऱ्यानं किती पायऱ्या तुला उचलून नेलं ते तू लिहिलेलं नाहीस. पाच नेलं तरी रीत पुरी होते. पुढच्या पायऱ्या बरोबरीनं चढायच्या.

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझे यजमान लहानपणी खूप आजारी पडले तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, पाच नारळांचं तोरण बांधीन म्हणून. तो फेडायचा राहिला. आता त्या रात्री उठून बसतात, "तोरण राहिलं" म्हणतात. पण कोणत्या देवाला, ते आठवत नाही. म्हणतात, "पायऱ्या होत्या." आम्ही पायऱ्यांचे देव मोजायला बसलो, वहीची दोन पानं भरली. काय करावं? – एक सूनबाई, कोल्हापूर

तुम्ही वही घेऊन बसलात, हे वाचून मला तुमच्या घराबद्दल फार बरं वाटलं. पुष्कळ घरांत अशा वेळी "म्हातारीला भ्रम झालाय" म्हणून विषय संपवतात.

त्यांना देवाचं नाव विचारू नका. नाव आठवत नसेल तर दहादा विचारून त्यांना आणखी कानकोंडं होईल. दुसरं विचारा. पहिला प्रश्न, पायऱ्या चढून गेलात की उतरून? देवाच्या पायऱ्या म्हटलं की आपण चढणच धरून चालतो. पण तुळजापूरला पायऱ्या उतरून जावं लागतं, ज्योतिबालाही गाडी उभी राहते तिथून देवळाकडे उतरावं लागतं. जेजुरी, सप्तशृंगी, लेण्याद्री, माहूर ही चढायची ठिकाणं. या एका प्रश्नावर तुमच्या वहीचं निम्मं पान खोडलं जाईल.

दुसरा प्रश्न, परत आलात तेव्हा अंगावर, लुगड्यावर कसला रंग होता? गुलाबी गुलाल असेल तर ज्योतिबा. पिवळा असेल तर जेजुरी. तिसरा, प्रसाद काय खाल्ला? विड्याचं पान कुटून केलेला तांबूल आठवला तर माहूरची रेणुका, तिथला प्रसादच तो. चौथा, लोक काय ओरडत होते? "चांगभलं" की "येळकोट"? नाव विसरलेल्या माणसालाही आरोळी आठवते, कारण ती त्यानं स्वतःच्या गळ्यातून काढलेली असते. गाडीत बसल्याजागी सगळं विसरलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात, पण बाहेर कुणी "चांगभलं" म्हटलं की त्यांच्या तोंडून पुढचं आपोआप यायचं.

हे एका बैठकीत विचारू नका. दुपारी त्या निवांत असताना, वाती वळताना, एकेक विचारा. उत्तर आलं तर देव कळेल. नाही आलं तरी त्या दिवसांबद्दल बोलतील, आणि मला वाटतं त्यांना ते बोलायचंच आहे. पोटचं पोर तापानं फणफणलेलं, दवाखाना लांब, आणि हातात काही नाही, अशा रात्री बोललेला नवस आहे तो. मूल वाचलं, मोठं झालं, त्याचा संसार झाला. या आनंदाचा शेवटचा विधी तेवढा व्हायचा राहिला, म्हणून त्यांना झोप लागत नाही.

देव नाहीच सापडला तर कुलदैवताच्या नावानं घरच्या देव्हाऱ्यावर पाच नारळांचं तोरण बांधा. दोरी सासूबाईंच्या हातात द्या आणि गाठ यजमानांना मारू द्या. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्याच्यासाठी नवस बोलला तो धडधाकट समोर उभा आहे हे त्यांना दिसायला हवं. नंतर ते नारळ सोलून खोबरं गल्लीत वाटा. आणि हे या आठवड्यात करा. सुट्टीत, दिवाळीत असं पुढं ढकलू नका. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या नवसाला मुहूर्त पाहत नाहीत.

देवळाबाहेर माझ्या जुन्या चपला गेल्या. शेजारी माझ्याच मापाच्या नव्या होत्या. बायको म्हणाली, साडेसाती गेली समजा आणि त्या घाला. घालू का? – एक वाचक, नागपूर

घालू नका. तुमची साडेसाती गेली असेल तर दुसऱ्याची का सुरू करता?

देवळातून चपला गेल्या की पीडा टळली असं आपल्याकडे म्हणतात. ज्याच्या गेल्या त्याला हसता यावं म्हणून कुणा शहाण्या माणसानं ते म्हटलं असावं, आणि तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे. चपला ठेवायच्या जागी बिल्ला मिळत असेल तर दोन रुपये द्यावेत आणि बिल्ला खिशात घालावा. नसेल तर जोडीतली एक इकडे, एक तिकडे ठेवावी. उन्हाळ्यात पिशवीत पायमोजे ठेवा. दुपारच्या फरशीवर अनवाणी धावत प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाच्या मनात देव येत नाही, सावली येते.

माझे मेहुणे झारखंडच्या देवघरला जाऊन आले. म्हणतात, खरा वैद्यनाथ तोच, तुमची परळी धरली तर बारा ज्योतिर्लिंगं पुरी होत नाहीत. आम्ही परळी आणि औंढा नागनाथ करून बारा पुरी केली आणि घरी मावंदंही घातलं. आता मावंद्याला जेवून गेलेले मेहुणेच असं म्हणतात! – एक वाचक, नांदेड

मेहुण्यांची आणि तुमची, दोघांचीही बारा पुरी झाली आहेत. स्तोत्राचे पाठच वेगवेगळे आहेत. आपल्याकडे म्हणतात त्यात "परल्यां वैद्यनाथं च" असं सरळ परळीचं नाव आहे. दुसऱ्या स्तोत्रात वैद्यनाथाची जागा पूर्व-उत्तरेकडे सांगितली आहे, देवघरची मंडळी तो आधार देतात. नागेशाचं तर तीन ठिकाणी सांगतात: आपलं औंढा, द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर. भीमाशंकरचाही दावा आसामात आहे. हा वाद तुम्ही जेवणाच्या पंगतीत मिटवू शकणार नाही.

औंढ्याला गेलात तेव्हा एक पाहिलंत का? महादेवाच्या देवळात नंदी समोर असतो. औंढ्याला तो देवळाच्या मागं आहे. तिथं सांगतात की नामदेव महाराजांना कीर्तन करताना समोरून उठवलं, ते मागं जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. तिथलीच दुसरी कथा विसोबा खेचरांची. नामदेव गुरूच्या शोधात आले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालोय, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंडी दिसायला लागली.

मेहुण्यांना औंढ्याला घेऊन जा. मागच्या नंदीपाशी बसून ही गोष्ट त्यांना सांगा. तिथं बसल्यावर परळी खरी की देवघर खरं, हे विचारायचं त्यांना सुचलं तर मला कळवा.

कोल्हापूरला किरणोत्सव पाहायला गेलो. ढग होते, किरणं देवीच्या कमरेपर्यंतच पोचली. शेजारचे म्हणाले, वर्ष वाईट जाणार. – एक वाचिका, इचलकरंजी

वर्षाचा आणि ढगांचा संबंध पावसापुरता.

अंबाबाईचं देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुडमंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी मधला भाग, तिसऱ्या दिवशी मुख. त्या वेळी आतले दिवे बंद करतात. ढग असले, हवेत दमटपणा किंवा धूळ जास्त असली, वाटेत एखादी इमारत आली की किरणं अडतात. यात देवीची नाराजी नाही. उलट ज्या कारागिरांनी सूर्य कुठल्या दिवशी कुठं मावळतो हे धरून दगड रचले, त्यांना हात जोडावेत. इतक्या शतकांनंतरही अडथळा येतो तो हवेचा आणि आपल्या बांधकामांचा, त्यांच्या हिशोबाचा नाही. पुढच्या वेळी लवकर जा आणि पडद्यावर न पाहता प्रत्यक्ष पाहायला मिळेल अशी जागा धरा.

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जुने वारकरी. गुडघ्यांमुळे दर्शनरांगेत उभं राहवत नाही. मागच्या वेळी मुखदर्शन करून आणलं. तेव्हापासून ते गप्प आहेत. म्हणतात, "पायावर डोकं ठेवलं नाही, मग गेलो कशाला?" त्यांची समजूत कशी घालू? – एक लेक, बार्शी

समजूत घालू नका, ताई. त्यांचं म्हणणं खरं आहे. दुसऱ्या देवांचं दर्शन डोळ्यांनी होतं, पंढरीत कपाळ पायावर टेकतं. ज्यानं आयुष्यभर ते केलं त्याला लांबून पाहणं पुरत नाही. तेव्हा आधी ते पुन्हा कसं जमेल ते पाहू.

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री, या चार वाऱ्यांच्या आसपासचे दिवस सोडा. आषाढीला रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, ती त्यांना झेपणार नाही. सुट्ट्यांचे दिवस आणि एकादशीही सोडा. मधल्या साध्या दिवशी, भल्या पहाटे पोचा. आदल्या दिवशी मुक्कामाला गेलात तर उत्तम. ज्येष्ठांसाठी त्या वेळी काय सोय आहे ते मंदिर समितीच्या माणसांना आधी विचारा. बाहेरच्या कुणाला पैसे देऊन आत नेण्याच्या भानगडीत पडू नका. वडिलांना ते कळलं तर डोकं ठेवूनही त्यांना समाधान मिळणार नाही.

आणि नाहीच जमलं तर? मग त्यांना घेऊन महाद्वारात बसा, नामदेव पायरीपाशी. संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असं वारकरी मानतात, त्या पायरीवर कुणी पाय देत नाही. समोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आयुष्यभर आत पाऊल टाकू दिलं नाही. त्यांच्या माणसांसाठी दारं उघडावीत म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठं ती उघडली. ज्यांचं डोकं त्या पायांवर कधीच टेकू दिलं नाही, त्यांचे अभंग वडील रोज म्हणत असतील. आषाढीला लाखो माणसं नुसता कळस पाहून मागं फिरतात. माझ्या गाडीत परतीला तीच जास्त असायची, आणि कुणाच्या तोंडावर काही राहिल्याची खूण नसायची. हे वडिलांना तुम्ही सांगू नका, तिथं बसल्यावर त्यांनाच आठवेल.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगा. कदाचित माहीत असेल, तरी सांगा. आषाढीला देवाचा पलंग काढतात, रात्रंदिवस दर्शन चालू राहतं. इतके दिवस उभं राहून देव थकतो म्हणून त्याच्या पाठीला कापसाचा मऊ लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्यानं स्नान घालतात, भाविकांच्या स्पर्शानं तेलकट झालेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री औषधी काढा देतात आणि मग पलंग परत येतो. ज्या देवाला उभं राहून थकवा येतो आणि पाठीला लोड लागतो, त्याला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे गुडघे कळत नसतील असं वडिलांना वाटतं का, विचारा.

राहता राहिला खर्च. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे बार्शी ते पंढरपूर वडील फुकट आणि तुम्ही निम्म्यात. वडिलांचं आधार कार्ड घ्या, मूळच घ्या, आणि ते त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात राहू द्या. कंडक्टरनं मागितलं की त्यांनी स्वतः काढून दाखवावं. शून्य रुपयांचं तिकीट मिळेल तेही त्यांच्याच हातात द्या. पुढच्या दाराजवळची सीट मागून घ्या, चढ-उतार सोपी पडते.